ऑफिसचा मेल कसा लिहायचा? सोमवारी दोन नवी पोरं जॉईन व्हायलेत, काय शिकवू?

उद्यमबाग_डेस्क (धागा सुरू केला, गुरुवार रात्री)

नमस्कार मंडळी. मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत कमर्शियल आणि डिस्पॅच बघते, यंदा चौदावं वर्ष. सोमवारी आमच्याकडं दोन नवी पोरं जॉईन व्हायलेत. एक डिप्लोमा झालेला मुलगा चिकोडीकडचा, एक बी.कॉम. झालेली मुलगी खानापूर तालुक्यातली. त्यांना मेल लिहायला शिकवायचं काम साहेबांनी माझ्याकडं दिलंय, आणि मला ते मनापासून नीट करायचंय.

कारण गेल्या आठवड्यात काय झालं सांगते. आमच्यातल्या एका पोरानं पुण्याच्या कस्टमरला मेल टाकला. सब्जेक्ट रिकामा. आत एकच ओळ, 'सर, प्लीज फाइंड अटॅच्ड'. आणि अटॅचमेंटच नाही. त्यांनी 'फाईल दिसत नाही' म्हणून कळवलं तर ह्यानं घाईत त्याच मेलला फाईल जोडून परत पाठवली, आणि ती फाईल निघाली दुसऱ्याच कस्टमरचं कोटेशन, किलोच्या दरासकट. पुढचे दोन तास मी फोनवर. पोरगा वाईट नाही हो, कामाला वाघ आहे, सकाळी आठला हजर असतो, पण मेल पाठवायच्या आधी काय बघायचं हे त्याला आजपर्यंत कुणी सांगितलंच नव्हतं. शाळेत पत्रलेखन मार्कांपुरतं झालं, कॉलेजात तेवढंही नाही, आणि आम्ही पहिल्याच दिवशी खुर्ची देऊन म्हणालो की हा तुझा मेल आयडी, कर सुरू.

तर पहिल्या दिवशी तीन-चारच गोष्टी सांगायच्या असतील तर तुम्ही कुठल्या सांगाल? ढीगभर नियमांचा कागद मला नकोय, तो कुणी वाचत नाही.

कॅम्पातला_बंड्या

ताई, खरं सांगू काय, मेल आता बघतंय कोण? आमच्याकडं सगळं व्हॉट्सॲपवर चालतंय. 'होप यू आर डूइंग वेल' लिहीत बसण्यापेक्षा 'सर माल निघाला' असं टाकलं की दोन निळ्या टिका येतात, काम झालं. पोरांना टायपिंग शिकवा, मेलचं काय एवढं.

खानापूरचा_गडी

मी बेंगळूरला आयटीत आहे, ११ वर्षं झाली, दिवसाला शंभर-सव्वाशे मेल येतात. मला कुणी एकच गोष्ट सांग म्हटलं तर मी सांगेन, पत्ता सगळ्यात शेवटी भरायचा. आधी मजकूर लिहायचा, मग फाईल जोडायची, जोडलेली फाईल तिथल्या तिथं उघडून बघायची, मग सब्जेक्ट, मग एकदा वाचायचं, आणि सगळ्यात शेवटी 'टू' मध्ये नाव. पत्ताच नसेल तर मेल चुकून जाणार कुठं? रिप्लाय करताना पत्ता आपोआप आलेला असतो, तेव्हा मी तो काढून टाकतो आणि शेवटी परत घालतो. तुमच्या त्या पोरानं एवढं केलं असतं तर तुमचे दोन तास वाचले असते.

दुसरं, जीमेल असेल तर सेटिंगमध्ये 'अनडू सेंड' आधीपासून ५ सेकंदावर असतं, ते ३० वर करून द्या, त्याच्यावर जात नाही. आउटलुकमध्ये 'रिकॉल' आहे पण ते आपल्याच कंपनीच्या आतल्या मेलला चालतं, बाहेरच्या कस्टमरकडं गेलेला मेल परत येत नाही. कोटेशन गेलं म्हणजे गेलं.

लेथवाला_मच्छे

बंड्या, दोन वर्षांमागं मी पण हेच म्हणायचो बघ. माझं मच्छेत छोटं मशीनिंग युनिट आहे, चार सीएनसी, नऊ माणसं. एका कस्टमरचं ड्रॉइंग व्हॉट्सॲपवर आलं, माझ्या ऑपरेटरच्या फोनवर, फोटो काढून. काम चालू केलं. मधी त्यांनी बोअरचं, म्हणजे आतल्या भोकाचं, माप बदललं आणि बदललेलं ड्रॉइंग, रिव्हिजन सी, मेलवर पाठवलं, सब्जेक्ट होता नुसता 'ड्रॉइंग'. आधीच्या मेलचा सब्जेक्ट पण 'ड्रॉइंग', त्याच्या आधीच्याचा पण. माझ्या पोरीला, ती ऑफिस बघते, वाटलं जुनाच मेल वर आलाय. साठ कास्टिंग जुन्या मापाला बोअर झाली. बोअर मोठं झालं की ते परत लहान करता येत नाही, भरून घ्यायचं म्हटलं तर कस्टमर घेत नाही.

भांडण झालं. ते म्हणाले आम्ही फोनवर सांगितलेलं. माझा ऑपरेटर म्हणतो मला कुणी सांगितलंच नाही. व्हॉट्सॲप दाखव म्हटलं तर मधल्या काळात त्याचा फोन बदललेला, बॅकअप नाही. शेवटी निम्मं नुकसान मी सोसलं.

आता आमच्याकडं नियम एकच. सब्जेक्टमध्ये पार्ट नंबर, रिव्हिजन आणि काय पाहिजे ते. असं: 'पार्ट ४४१२, रिव्हिजन सी, बोअर बदललाय, काम थांबवून खात्री करा'. मेल उघडायच्या आधीच माणसाला कळतंय की मशीन थांबवायचं का चालू ठेवायचं. व्हॉट्सॲप आम्ही वापरतोच, पण फक्त 'मेल टाकलाय बघा' म्हणायला.

कॅम्पातला_बंड्या

साठ कास्टिंग… बापरे. बरं, हे पटलं मामा. ड्रॉइंग आणि दर मेलवरच. पण 'होप यू आर डूइंग वेल' मला अजून पटलेलं नाही.

माजी_हेडक्लार्क

बंड्या, तुमचा प्रश्न चांगला आहे. मी ३४ वर्षं ऑफिसात पत्रव्यवहार केला, त्यातली पहिली निम्मी टाइपरायटरवर. आमच्या मराठी पत्रात मायना असायचा, रा. रा. अमुक यांस, सा. न. वि. वि., आणि त्यापाठोपाठ लगेच 'पत्र लिहिण्यास कारण की'. म्हणजे नमस्कार एका ओळीत आटोपला की दुसऱ्या ओळीत कारण आलंच पाहिजे. वाचणाऱ्याला ताटकळत ठेवायचं नाही, आणि नमस्कार न करता थेट कामाला हात पण घालायचा नाही. दोन्ही सांभाळायचं. आजच्या मेलमध्ये 'पत्रास कारण की' म्हणजेच तो सब्जेक्ट आणि पहिली ओळ. लेथवाले म्हणाले ते तेच.

आता सीसीबद्दल सांगतो, कारण पुढं हा विषय निघणारच. सीसी म्हणजे कार्बन कॉपी. दोन कागदांच्या मधी काळा कार्बन पेपर घालून आम्ही टाइप करायचो. पहिली प्रत स्वच्छ, दुसरी बरी, तिसरी फिकट, चौथी तर वाचता वाचता डोळे दुखायचे. त्यामुळं कुणाला प्रत द्यायची ह्याचा विचार व्हायचा, कारण प्रत वाढवायला मेहनत पडायची. आणि पत्राच्या खाली स्पष्ट लिहायचं, 'प्रत माहितीसाठी'. ज्याच्या नावानं पत्र त्यानं काम करायचं, ज्याला प्रत त्यानं नुसतं जाणून घ्यायचं. हा फरक नव्या मुलांना सांगा. 'टू' मध्ये काम करणारा, 'सीसी' मध्ये माहिती असावी असा. 'टू' मध्ये सात नावं घातली की सातही जण म्हणतात दुसरा कोणतरी करेल.

आणखी एक. आमच्याकडं आवक-जावक रजिस्टर होतं. पत्र आलं की नंबर, तारीख, कुणाकडं दिलं. आता मेलबॉक्सच रजिस्टर आहे, पण ते शोधता आलं पाहिजे. सब्जेक्ट रिकामा ठेवणं म्हणजे जावक नंबर न घालता पत्र पाठवणं.

अथणीवाली

काका, 'टू' आणि 'सीसी'चा फरक मला नऊ वर्षांत कुणी इतका सोपा करून सांगितला नव्हता. मनापासून आभार.

कॅम्पातला_बंड्या

सीसीचं निघालंच आहे तर माझं दुखणं सांगतो. आमचे मॅनेजर मला साधं 'रिपोर्ट पाठव' म्हणायला पण जनरल मॅनेजर सीसीत घालतात. मला वाटतं माझ्या पाठीवर कुणीतरी उभं राहिलंय. मी एकदा विचारलं तर म्हणाले वरच्यांना माहिती असलेलं बरं. सांगा बरं, हे बरोबर आहे का?

खानापूरचा_गडी

नाही. पहिल्या मेलला साहेब सीसीत म्हणजे तुझ्यावर भरवसा नाही असं सांगणं झालं. आमच्या टीममध्ये पद्धत अशी, पहिला मेल फक्त त्या माणसाला. दोन दिवसांनी आठवण, परत फक्त त्यालाच. तिसऱ्या वेळी फोन. आणि त्यानंतर वर कळवायची वेळ आलीच तर त्याला आधी सांगून, की मी हे आता साहेबांना घालतोय.

लेथवाला_मच्छे

मी थोडा वेगळा बोलतो. कस्टमरच्या परचेसवाल्याला मेल करताना मी त्यांच्या क्वालिटीवाल्याला सीसीत घालतोच. धमकी म्हणून नाही. परचेसवाला बदली होतो, रजेवर जातो, गावच्या यात्रेला जातो, आणि आठ दिवस माझा मेल तसाच पडून राहतो. दुसऱ्या कुणालातरी माहीत पाहिजे. म्हणजे सीसी वाईट नाही, कशासाठी घातलाय ते बघा.

निपाणीकर_परचेस

एका गोष्टीबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. मी परचेस हेड आहे, सही खाली माझं पूर्ण नाव असतं, नावावरून बाई आहे हे कळतं, तरी दहातले सहा मेल 'डिअर सर' म्हणून येतात. काही जण तर मी उत्तर दिल्यावर परत 'थँक्यू सर' लिहितात. पहिल्यांदा हसायचे, आता वाईट वाटतं, कारण ह्याचा अर्थ समोरच्यानं माझं नावसुद्धा वाचलेलं नाही. ज्यानं नाव वाचलं नाही त्यानं माझी टर्म्स वाचली असतील यावर मी कसा विश्वास ठेवू?

ताई, तुमच्या पोरांना हे नक्की सांगा. नाव वाचा, स्पेलिंग बघा, आणि माहीत नसेल तर नुसतं पूर्ण नाव लिहा, 'डिअर' आणि पुढं नाव. आपल्याकडं तर आडनावांची किती गंमत, कर आहे, गौडा आहे, हट्टी आहे, मठ आहे. एक अक्षर चुकलं की गावच बदलतं. हिरेमठांना हिरेमनी लिहिलेलं मी डोळ्यानं बघितलंय.

टिळकवाडी_गुरुजी

निपाणीकर, अगदी मनातलं बोललात. मी इंग्रजी शिकवायचो, म्हणून भाषेचं सांगतो. 'आय विल रिव्हर्ट बॅक टू यू' हे आपल्याकडच्या प्रत्येक मेलमध्ये असतं. रिव्हर्ट म्हणजे पूर्वीच्या स्थितीला परत जाणं. उत्तर देणं असा अर्थ आपल्या देशात रुळलाय, पण जर्मनी-इंग्लंडच्या माणसाला तो बुचकळ्यात टाकतो. 'रिप्लाय' लिहा, सरळ आहे. तसंच 'डू द नीडफुल'. नीडफुल म्हणजे नेमकं काय? तुम्हाला टेस्ट सर्टिफिकेट हवं की पेमेंट हवं की गाडी हवी? जे हवं ते लिहा आणि कधीपर्यंत ते लिहा.

काळाकोट_बेळगाव

गुरुजी, 'डू द नीडफुल' कोर्टात आणि सरकारी ऑफिसात शंभर वर्षं चाललंय, त्याच्यावर एवढं रागावू नका. पण तारीख घालायची सूचना सोन्यासारखी आहे.

मी वकिली करतो, कायद्याचा मुद्दा मांडतो, कारण इथं लघुउद्योगवाले बरेच दिसतात. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानं मेलला लेखी दस्तऐवजाचा दर्जा दिलाय, कलम ४ बघा. मेल पोचला कधी धरायचा हे पण त्यात कलम १३ मध्ये आहे. तुम्ही जो मेल आयडी व्यवहारासाठी म्हणून ठरवून दिलाय, त्यात मेल शिरला तीच पोचल्याची वेळ. त्यामुळं 'मी उघडलाच नव्हता' ह्यानं सहसा सुटका होत नाही.

आता लेथवाल्यांसाठी. २००६ च्या एमएसएमई कायद्यात सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं पेमेंट लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढं ढकलता येत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, महिन्याच्या चक्रवाढीनं व्याज. पण हे दिवस मोजायचे कधीपासून? माल मिळाल्यापासून १५ दिवसांत घेणाऱ्यानं लेखी हरकत घेतली नाही तर माल पोचला त्याच दिवशी स्वीकारला असं धरलं जातं. आता 'लेखी' शब्दाकडं लक्ष द्या. फोनवर कुणीतरी कुरकुर केली ती लेखी नाही. म्हणून माल पोचला की त्याच दिवशी दोन ओळींचा मेल टाकायचा, चलन नंबर, तारीख, नग, आणि 'काही हरकत असल्यास ह्याच मेलवर कळवावे'. ही सवय पोरांना पहिल्या दिवसापासून लावा. पुढं कधी दाव्याची वेळ आलीच तर हाच मेल उपयोगी पडतो. आणि मेल डिलीट करून नुसता स्क्रीनशॉट ठेवू नका. १ जुलै २०२४ पासून नवा भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे, त्याच्या कलम ६३ प्रमाणं इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र जोडावं लागतं, मूळ मेल जागेवर असला की ते काम सोपं जातं.

लेथवाला_मच्छे

वकीलसाहेब, हे मी प्रिंट काढून भिंतीला लावतो. आम्ही आजपर्यंत माल गेला की चहा पिऊन मोकळे व्हायचो.

कुंदा_प्रेमी

एवढं गंभीर चाललंय तर एक गोड किस्सा. आमच्या हुबळीच्या हेड ऑफिसमधून एकानं सगळ्या ब्रँचला मेल टाकला, 'बेळगावहून कुंदा आणलाय, पँट्रीत ठेवलाय'. मेल गेला साडेतीनशे जणांना. मंगळूरच्या एकानं 'रिप्लाय ऑल' करून विचारलं आमच्यासाठी कधी. मग गुलबर्ग्याहून 'आम्हालाही'. मग कुणीतरी 'प्लीज सगळ्यांना रिप्लाय करू नका' असं सगळ्यांना रिप्लाय करून सांगितलं. त्याला चाळीस जणांनी 'सहमत' म्हणून परत सगळ्यांना रिप्लाय केला. दुपारी चारला पगाराच्या फॉर्मबद्दल एचआरचा खरा महत्त्वाचा मेल आला होता, तो त्या कुंद्याखाली गाडला गेला आणि बारा जणांची तारीख चुकली. कुंदा मात्र साडेतीनलाच संपला होता :)

खानापूरचा_गडी

:D म्हणूनच मोठ्या यादीला पाठवताना सगळी नावं बीसीसीत घालायची. बीसीसीतल्यांना एकमेकांची नावं दिसत नाहीत आणि 'रिप्लाय ऑल' केला तरी तो फक्त पाठवणाऱ्याकडंच जातो. कस्टमरच्या यादीला दिवाळी शुभेच्छा पाठवतानाही हेच, नाहीतर तुमचे सगळे कस्टमर एकमेकांना कळतात.

अथणीवाली

माझा मुद्दा आपल्या भागाचा आहे. मी एका सहकारी संस्थेत आहे, अथणीत. सकाळी बेळगावच्या सरकारी ऑफिसला कन्नडमध्ये मेल, दुपारी सांगलीच्या पुरवठादाराला मराठीत, संध्याकाळी बँकेला इंग्रजीत. माझं शिक्षण मराठीत झालं, कन्नड बोलते घडाघडा पण लिहिताना हात अडखळतो. सुरुवातीला मी सरकारी ऑफिसला मोडक्या इंग्रजीत लिहायचे, उत्तर यायला आठवडे लागायचे. मग शेजारच्या टेबलावरच्या माझ्या कन्नड मैत्रिणीनं मला चार ओळी लिहून दिल्या. वर 'मान्यरे', मग विषय, मग कामाचं, खाली 'वंदनेगळोंदिगे' आणि नाव-हुद्दा. मी त्या चार ओळी अजून जपून ठेवल्यात. त्या साच्यात लिहिल्यापासून तिकडून फोन येतो, 'मॅडम, निम्म मेल बंतु, नोडतीनी' म्हणून, म्हणजे तुमचा मेल आला, बघतो. समोरच्याच्या भाषेत दोन ओळी लिहिल्या की तो आपल्याला परका धरत नाही, हा माझा अनुभव. तिला मराठी मेल लागतो तेव्हा मी लिहून देते.

आणि फॉन्ट! कृपा करून श्रीलिपीत टाइप केलेला मजकूर मेलमध्ये चिकटवू नका, तिकडच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला की नुसती रोमन अक्षरांची खिचडी दिसते. कन्नडमध्ये नुडीच्या जुन्या फॉन्टचं पण तेच. युनिकोडमध्येच लिहा, मग मोबाईलवरसुद्धा नीट दिसतं. एकदा आमच्या वार्षिक सभेची नोटीस सभासदांना तशी खिचडी होऊन गेली आणि सहा गावांतून लोक विचारायला संस्थेत आले.

टिळकवाडी_गुरुजी

अथणीवाली, तुमची आणि तुमच्या मैत्रिणीची ही देवाणघेवाण वाचून फार बरं वाटलं.

बेळगुंदीचा_पाव्हणा

मग सहीत गावाचं नाव काय लिहायचं ते पण सांगा, बेळगाव का बेळगावी? इथं दर वेळेला वाद होतोय.

काळाकोट_बेळगाव

इंग्रजीत सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी आहे, तेव्हा जीएसटी नोंदणीत जसा पत्ता आहे तसाच बिलावर आणि सहीत इंग्रजीत ठेवा, दोन ठिकाणी दोन नावं असली की अकाउंट्सवाले प्रश्न काढतात. मराठी मेलमध्ये मी बेळगाव लिहितो, घरात जे म्हणतो ते. बाकी वादासाठी वेगळा धागा काढा, इथं ताईंचं काम राहून जाईल.

शहापूरची_लेक

उशिरा आले पण हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमचा शहापुरात साड्यांचा होलसेल आहे, सुताचा माल बाहेरून येतो. मार्चमध्ये आमच्या नेहमीच्या पुरवठादाराचा मेल आला, 'ऑडिटमुळे जुनं खातं बंद, पुढचं पेमेंट ह्या नव्या खात्यावर करा'. लोगो तोच, सही तीच, खाली आमच्याच जुन्या मेलचा मजकूर. भाऊ नेट बँकिंग उघडून बसला होता. मी नुसतं म्हटलं थांब, फोन करूया. आणि मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही, आमच्या वहीत लिहिलेल्या जुन्या नंबरवर केला. ते म्हणाले आम्ही कुठलं खातं बदललेलं नाही. मग पत्ता नीट बघितला तर नावात एक 'आय' अक्षर जास्तीचं. चार लाख ऐंशी हजार जाणार होते. माझे हात अर्धा तास थरथरत होते.

खातं बदलल्याचा मेल आला की वहीतल्या नंबरवर फोन, हे त्या पोरांच्या डोक्यात पहिल्या दिवशी घाला. आणि पैसे गेलेच कुणाचे तर लाजायचं नाही, लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० ह्या हेल्पलाइनवर फोन करायचा. जेवढं लवकर कळवाल तेवढी पैसे अडवून ठेवायची शक्यता जास्त.

निपाणीकर_परचेस

बाई, तुम्ही फोन केलात हे किती बरं झालं.

कॅम्पातला_बंड्या

माझा एक प्रश्न राहिला. राग आला तर? काल मला एकानं मेल टाकला, सगळ्यांसमोर, की तुमच्या डिपार्टमेंटमुळं उशीर होतोय. चूक त्यांची. मी उत्तर लिहून तयार आहे, जुन्या मेलच्या तारखांसकट.

माजी_हेडक्लार्क

पाठवू नका. आज रात्री ड्राफ्टमध्ये राहू दे. आमच्या वेळी रागाचं पत्र टाइप करायला द्यायचं म्हणजे ते टायपिस्ट वाचणार, साहेब सही करताना वाचणार, शिपाई पोचवणार. एवढ्या हातातून जाताना राग निम्मा व्हायचा. मेलमध्ये मधी कुणीच नाही, तुम्ही आणि ते बटण. मी ८६ साली एक पत्र रागानं लिहिलं होतं, ज्यांना लिहिलं ते गृहस्थ निवृत्त होईपर्यंत माझ्याशी पुन्हा सरळ बोलले नाहीत, आणि चूक खरंच त्यांची होती. त्याचं मला आजही वाईट वाटतं. उद्या सकाळी त्यांच्या टेबलाशी जा, चहाला घेऊन जा, तारखा तोंडी सांगा. नंतर दोन ओळींचा मेल, 'आपण बोललो त्याप्रमाणे माल १२ ला गेला, पुढचा १९ ला जाईल'. तारखा लेखी राहिल्या, राग लेखी राहिला नाही.

कॅम्पातला_बंड्या (दुसऱ्या दिवशी)

काका, केलं तसंच. ते म्हणाले त्यांना आमचा मेल आलाच नव्हता, स्पॅममध्ये होता. दोघांनी मिळून बघितला. त्यांनी स्वतःच सगळ्यांना मेल टाकून दुरुस्त केलं. तुमच्यामुळं वाचलो.

उद्यमबाग_डेस्क (सोमवार रात्री)

मंडळी, सगळं वाचलं, दोन वेळा. आज पोरं आली. मी कागद दिला नाही. हेडक्लार्क काकांचा कार्बन पेपर आठवला, आमच्या स्टोअरमध्ये जुन्या चलनबुकात अजून आहे, तो काढून दोघांच्या हातात दिला आणि चार प्रती हातानं लिहायला लावल्या. चौथी प्रत वाचताच येईना. मग सीसी काय असतं ते वेगळं सांगावं लागलंच नाही. मुलाची बोटं निळी झाली, दिवसभर तो ती पुसत होता.

मग लेथवाल्यांची साठ कास्टिंगची गोष्ट सांगितली, नाव न सांगता. तो डिप्लोमावाला एकदम सरळ बसला. म्हणाला, मॅडम, मग आपल्या मेलमध्ये हीट नंबर पण पाहिजे, नाहीतर रिजेक्शन आलं तर कुठल्या भट्टीचा माल ते कसं कळणार? हे मला चौदा वर्षांत सुचलं नव्हतं. आजपासून डिस्पॅचच्या मेलमध्ये हीट नंबर घालायला सुरुवात केली. वकीलसाहेबांनी सांगितलेली माल पोचल्याची दोन ओळींची सवय उद्यापासून, आणि वहीतल्या नंबरांची यादी दोघांच्या टेबलावर चिकटवली.

संध्याकाळी खऱ्या कामाला लावलं. होसूरच्या एका कस्टमरला दोन पेट्या कमी गेल्या होत्या, ते कळवायचं होतं. खानापूरची मुलगी लिहायला बसली. पाऊण तास लागला तिला सहा ओळींना. पहिल्यांदा तिनं 'डिअर सर' लिहिलं, मग स्वतःच जुना मेल उघडून सही बघितली आणि ते खोडून मॅडमचं पूर्ण नाव घातलं. सब्जेक्टमध्ये चलन नंबर, 'दोन पेट्या कमी, गुरुवारी निघतील'. फाईल जोडली, उघडून बघितली, बंद केली, परत एकदा उघडून बघितली. मग खुर्ची मागं सरकवून मला हाक मारली. मी जाऊन बघितलं तर 'टू' ची जागा रिकामी.

म्हणाली, "मॅडम, आता पत्ता घालू काय?"

घाल म्हटलं.